जखडलेला दात, वाढता जबडा

वेड्यावाकड्या दातांना तारा बसवल्या की दीड-दोन वर्षांत ते ओळीत येतात, एवढे आता गावोगावी माहीत झाले आहे. मात्र तार दाताला ओढते आणि म्हणून दात सरकतो, हा आपला समज अर्धाच खरा आहे. तारेचा जोर निमित्त असतो. वाट मोकळी करण्याचे काम हाड करते. दाताचे मूळ जबड्याच्या हाडाला थेट टेकलेले नसते. दोघांच्या मध्ये सरासरी 0.2 मिलिमीटर जाडीचा, तंतूंचा आणि पेशींचा, रक्तवाहिन्यांनी भरलेला एक जिवंत थर असतो. डॉक्टर त्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. आपण त्याला नुसता ‘मधला थर’ म्हणू. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी 1904-05च्या सुमारास कुत्र्यांच्या दातांना तारा लावल्या आणि नंतर त्या जबड्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ज्या बाजूला दात रेटला जात होता तिथले हाड पेशींनी कुरतडले होते आणि मागे सुटलेल्या जागेत नवे हाड भरले होते. जोर फार झाला तर दाबाच्या बाजूचा मधला थर निर्जीव होतो आणि दात पुढे जाण्याऐवजी अडून बसतो, हेही त्यांनाच दिसले. शतक उलटले, तारांचे धातू बदलले, ब्रॅकेट बदलले. पण महिन्याला साधारण एक मिलिमीटर हा दाताचा वेग फारसा बदललेला नाही. कारण वेग ठरवणारा कारखाना तारेत नाही, त्या मधल्या थरात आहे. मग तो थरच नाहीसा झाला तर? मूळ आणि हाड एकमेकांना चिकटून एकजीव झाले तर? या अवस्थेला अँकिलोसिस म्हणतात. असा दात कुठल्याही तारेला दाद देत नाही. या प्रकरणाचा सगळा युक्तिवाद इथूनच निघतो: जखडलेल्या दाताच्या बाबतीत ‘किती जोर लावायचा’ हा प्रश्न गैरलागू आहे. खरा प्रश्न आहे, रुग्णाच्या वाढीच्या कोणत्या वर्षी काय करायचे आणि दात वाचवायचा की हाड.

दात जखडतो कसा, हे एका नेहमीच्या उदाहरणावरून पाहू. नऊ वर्षांचे मूल तोंडावर आपटते आणि वरचा, समोरचा कायमचा दात मुळासकट बाहेर पडतो. तासा-दीड तासाने तो परत खोबणीत बसवला जातो. तोवर मुळाला लागून राहिलेल्या मधल्या थराच्या पेशी सुकून मेलेल्या असतात. आता ती मोकळी जागा कोण भरून काढणार, अशी शर्यत लागते. आजूबाजूच्या जिवंत थराच्या पेशी आणि हाडाच्या पेशी दोघी धावतात. इजा मोठ्या क्षेत्रावर असली की हाड जिंकते. आपला सांगाडा सतत जुने हाड खाऊन नवे बांधत असतो. प्रौढ माणसात वर्षाला जवळपास दहा टक्के हाड असे बदलले जाते आणि मुलांत त्याहून अधिक. एरवी मधला थर दाताला या उलाढालीपासून अलग ठेवतो. तो कोट पडला की हाडाच्या पेशींना मूळ हे हाडासारखेच दिसते. त्या ते खातात आणि त्या जागी दात नव्हे, हाड बांधतात. मुलांत असे अख्खे मूळ काही वर्षांत हाडात रूपांतरित होते. प्रौढांत हीच क्रिया दशकभर किंवा त्याहूनही रेंगाळते. दुखत नाही, सूज येत नाही, दात उलट आधीपेक्षा घट्ट लागतो. त्यामुळे पालक निर्धास्त असतात, आणि खरी अडचण तिथेच आहे.

कारण जबडा थांबत नाही. मूल वाढते तसा चेहऱ्याचा खालचा भाग लांबतो आणि वरचे दात आपापल्या भोवतीचे हाड सोबत घेऊन खाली उतरत राहतात. जखडलेला दात मात्र जिथल्या तिथे अडकून राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो वर चढत चालल्यासारखा भासतो. प्रत्यक्षात बाकी सगळे पुढे गेलेले असतात आणि तो मागे राहिलेला असतो. नवव्या वर्षी जखडलेला दात पंधराव्या वर्षापर्यंत कित्येक मिलिमीटर मागे पडू शकतो, आणि त्याच्यासोबत हिरडीची कड आणि हाडाची कडही तितकीच उणी राहते. शेजारचे दात त्या खड्ड्याकडे कलतात. अशा वेळी कोणी सगळ्या दातांना सलग तार बसवून तो ‘आखूड’ दात खाली ओढायला गेला, तर काय होईल? नावेत बसून घाटावरच्या खांबाला बांधलेला दोर ओढावा तसे होते. खांब हलत नाही, नाव खांबाकडे जाते. शेजारचे निरोगी दात वर खेचले जातात, समोरच्या दातांत फट पडते आणि एका दाताचा प्रश्न सहा दातांचा होतो. तार निष्क्रिय नसते, तिने काम केलेलेच असते. फक्त ते चुकीच्या दातांवर झालेले असते.

म्हणून तार बसवण्याआधी दात जखडला आहे का, हे ठरवणे हा उपचाराचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हटला पाहिजे, आणि तो यंत्राशिवाय होऊ शकतो. तोंड पाहण्याच्या आरशाची धातूची दांडी घेऊन आधी शेजारच्या निरोगी दातावर हलकेच टकटक करतात. आवाज मंद, बसका येतो, कारण मधला थर ठोका गिळून टाकतो. मग संशयित दातावर तशीच टकटक. जखडलेला दात खणखणीत, उंच पट्टीत वाजतो. ठोका थेट हाडात जातो. मग दात दोन दांड्यांच्या मध्ये धरून किंचित हलवून पाहतात. निरोगी दातही केसभर हलतो. हा हलत नाही. एक्स-रे काढला की सगळे कळेल, असा आक्षेप कोणी घेईल. स्वीडनमध्ये लार्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी 1984 साली माकडांच्या दातांवर या तिन्ही चाचण्या तपासून पाहिल्या. मुळाचा साधारण वीस टक्के पृष्ठभाग चिकटला की आवाज बदलतो, असे त्यांना आढळले आणि एक्स-रे यात मागे पडला. त्याचे कारण साधे आहे. नेहमीचा एक्स-रे म्हणजे सावली. मुळाच्या डाव्या-उजव्या कडेची फट तीत दिसते, पण ओठाकडच्या किंवा टाळ्याकडच्या बाजूला हाड चिकटले असेल तर मुळाचीच सावली ते झाकते. त्रिमितीय स्कॅनने यात भर पडते, पण जेमतेम 0.2 मिलिमीटरच्या फटीबद्दल तोही छातीठोकपणे बोलू शकत नाही. लहानसा चिकटलेला ठिपका या सर्वांना चकवतो. अशा वेळी शेवटचा पुरावा तारच देते: काही महिने नेमका जोर लावूनही दात जागचा हलला नाही आणि शेजारी हलू लागले, तर निदान झाले. तिथे थांबणे हे कौशल्य आहे. जोर वाढवणे हा हट्ट. आणखी एका गोष्टीची खात्री इथेच करावी लागते. मागच्या दाढा ओळीने अर्धवट उगवून थांबल्या असतील, तर तो पीटीएच-वन-आर या जनुकातील दोष असू शकतो, हे 2008 पासून माहीत आहे. त्या दाढांना ओढायला गेले की त्या जखडतात, म्हणजे तिथे तारच रोगाला खतपाणी घालते.

आता पहिला गंभीर आक्षेप. तार हरली तरी शस्त्रक्रिया आहे ना? चिकटलेला दात सर्जनने सोडवावा आणि ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे तारा लावणाऱ्या दंतवैद्याने, ओढावा. हे खरोखर करतात. चिमट्याने दात धरून इतकाच हलवायचा की हाडाचा पूल मोडावा, पण मुळाच्या टोकाशी शिरणाऱ्या रक्तवाहिन्या तुटू नयेत. आणि त्याच बैठकीत तारेचा जोर सुरू करायचा, कारण दात जरा स्थिर राहिला की मोडलेला पूल पुन्हा बांधला जातो. चिकटलेली जागा एखाद्या ठिपक्याएवढी असेल, उदाहरणार्थ हाडात अडकलेल्या सुळ्याची किंवा दाढेची, तर याला यश येते. पण ज्या दाताच्या मुळाभोवतीचा थर मोठ्या भागात मेलेला आहे, त्याला मोडून सोडवले तरी जोडणार कोण? थर परत उगवत नाही. काही आठवड्यांत दात पुन्हा जखडतो, शिवाय मूळ मोडण्याचा धोका वेगळा. अडकलेल्या सुळ्यांबाबतही वय आडवे येते. जेरुसलेमचे बेकर आणि चौशू यांनी 2003 साली टाळ्याकडे अडकलेल्या सुळ्यांची तुलना केली, तेव्हा किशोरवयीन रुग्णांत सर्व सुळे ओढून आणता आले, प्रौढांत हे प्रमाण 69.5 टक्के होते. सगळी अपयशे जखडल्यामुळेच आली असे नव्हे. पण वाट पाहिली की दात अधिक हट्टी होतो, हे त्यातून दिसते.

दुसरा मार्ग अधिक धाडसी आहे आणि मला तो तर्काच्या दृष्टीने अधिक प्रामाणिक वाटतो. दात हाडापासून सुटत नसेल तर हाडासकट दात हलवायचा. आधी ऑर्थोडॉन्टिस्ट शेजारच्या दातांची मुळे तारांनी थोडी दूर सारतो, कारण करवतीला दोन मुळांच्या मधून जायला जागा लागते. मग सर्जन दाताच्या दोन्ही बाजूंना उभा आणि मुळाच्या टोकाच्या वर आडवा छेद घेऊन दात आणि त्याभोवतीचे हाड मिळून एक ठोकळा मोकळा करतो. टाळ्याकडची त्वचा मात्र अखंड ठेवतो. ठोकळ्याचा रक्तपुरवठा आता तेवढ्यावरच चालतो. ती फाटली तर दात आणि हाड दोन्ही मरतात. दोन-तीन मिलिमीटरचाच फरक असेल तर ठोकळा लगेच खाली आणून बांधता येतो. त्याहून जास्त अंतर असेल तर मऊ त्वचा तितकी एकदम ताणत नाही. तिथे सोव्हिएत काळात कुर्गान इथल्या गावरील इलिझारोव्ह यांनी पायाच्या हाडांवर सिद्ध केलेले तत्त्व कामी येते: हाड कापा, पाच-सात दिवस थांबा आणि मग कापलेली टोके रोज साधारण एक मिलिमीटरने दूर करत न्या, मधल्या फटीत नवे हाड तयार होते आणि त्वचाही सावकाश लांबते. 1990च्या दशकात ही पद्धत चेहऱ्याच्या हाडांवर रुळली आणि 2001 साली आयझॅकसन आणि सहकाऱ्यांनी एकाच जखडलेल्या समोरच्या दातासाठी ती वापरल्याचे प्रसिद्ध केले. महिन्याला एक मिलिमीटर विरुद्ध दिवसाला एक मिलिमीटर, असा हा फरक आहे. अडचणी याही मार्गात आहेत. टाळ्याची त्वचा चिवट असल्याने ठोकळा खाली येताना आत कलतो आणि त्याला बाहेर धरून ठेवायला पुन्हा जाड तार लागते. त्याहून मोठी गोष्ट ही की ठोकळा नव्या जागी बसला तरी आतला दात जखडलेलाच आहे. मूल अजून वाढत असेल तर दोन वर्षांत तो पुन्हा मागे पडणार. म्हणजे ही शस्त्रक्रिया चांगली आहे, पण वाढ संपल्यावर आणि मूळ पुरेसे शिल्लक असेल तरच. उपचाराची निवड इथेही सर्जनच्या हातापेक्षा रुग्णाच्या वयाने होते.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. एवढा खटाटोप कशाला? दात काढा आणि इम्प्लांट लावा. यात दोन घोटाळे आहेत. पहिला, जखडलेला दात ‘काढता’ येत नाही, तो कोरून काढावा लागतो. आणि वरच्या समोरच्या दाताच्या ओठाकडचे हाड कागदासारखे पातळ असते, ते दातासोबतच निघून येते. मागे खड्डा राहतो. मग इम्प्लांटसाठी दुसरीकडचे हाड आणून भरा, त्यावर हिरडी ओढा, आणि तरीही हिरडीची कड शेजाऱ्यांशी जुळेलच असे नाही. दुसरा घोटाळा अधिक गमतीचा आहे. गोटेबोर्गचे पेर-इंगवार ब्रेनमार्क यांनी 1950च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियम एकजीव होते हे पाहिले आणि 1965 साली पहिल्या माणसाला अशा खुंट्यांवर दात बसवून दिले. इम्प्लांट म्हणजे मध्ये थर नसलेला, हाडाला थेट चिकटलेला खुंट. जी अवस्था खऱ्या दातात आपण रोग मानतो, तीच इम्प्लांटचे यश आहे. साहजिकच वाढत्या मुलात लावलेले इम्प्लांट जखडलेल्या दातासारखेच मागे पडते. वाढ थांबली हे एक वर्षाच्या अंतराने काढलेले चेहऱ्याचे बाजूने घेतलेले दोन एक्स-रे जुळवून ठरवतात; अनेक मुलांच्या बाबतीत विशी उजाडावी लागते. जखडणे मुळात वाईटच, असेही म्हणायचे कारण नाही. सिएटलमध्ये कोकिच आणि सहकाऱ्यांनी 1985 साली दुधाचे सुळे मुद्दाम जखडवले आणि त्या न हलणाऱ्या खुंट्यांना धरून मागे राहिलेला वरचा जबडा पुढे ओढला. स्थिर खुंट हवा तिथे अँकिलोसिस हे वरदान ठरते, वाढत्या जबड्यात हाच खुंट अडसर होतो.

मग दहा-बारा वर्षांच्या मुलाचे काय? माझ्या मते या विषयातली सर्वांत शहाणी कल्पना स्वीडनच्या बार्ब्रो मालमग्रेन आणि सहकाऱ्यांनी 1984 साली मांडली. तिला डीकोरोनेशन म्हणतात. दात काढायचा नाही आणि ठेवायचाही नाही. भूल देऊन हिरडी उचलतात, हिऱ्याच्या बरने (घासणाऱ्या टोकाने) सलाईनच्या फवाऱ्याखाली दाताचा दिसणारा भाग कापून वेगळा करतात आणि मुळाची वरची कड हाडाच्या कडेपेक्षा दीड-दोन मिलिमीटर खोल जाईल इतकी घासतात. मुळात आधी रूट कॅनालचा मसाला भरलेला असेल तर तो पूर्ण काढून टाकतात. हाडाला परकी वस्तू नको असते. मग पोकळी धुऊन तीत रक्त भरू देतात आणि वरून हिरडी शिवून टाकतात. आत राहिलेले मूळ शरीर सवडीने खाऊन त्याचे हाड करते. ज्या क्रियेशी आपण भांडत होतो, तिलाच आता गवंड्याच्या कामाला लावले. हाडाची रुंदी टिकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वरच्या कडेला आता जखडलेला दात नसल्याने शेजारच्या दातांना जोडणारे तंतू मुळावरून पुन्हा जुळतात आणि मूल वाढते तसे त्या मुळाच्या डोक्यावर नवे हाड चढते. मागे राहिलेली कड भरून येऊ लागते. कापलेला तो स्वतःचाच दात शेजारच्या दातांच्या मागून चिकटवून दर्शनी दात म्हणून वापरता येतो, त्यामुळे मुलाला शाळेत फट दाखवत हिंडावे लागत नाही. वाढ संपल्यावर तिथे इम्प्लांटसाठी हाड तयार असते. अट एकच, हे वाढीच्या झपाट्याआधी किंवा तो सुरू होताना करायचे. झपाटा ओसरल्यावर केले तर रुंदी राखली जाते, उंची परत मिळत नाही.

‘स्वतःचा दात, दिसायला धड, दुखत नाही, आणि तो कापायचा?’ हा आक्षेप भावनेचा असला तरी फेटाळण्यासारखा नाही. पालकांना नऊ वर्षांच्या पोराचा दात वाचल्याचा आनंद नुकताच झालेला असतो. पण वाचलेला दात पुढच्या काही वर्षांत हाडात विरघळणारच आहे. आपल्या हातात एवढेच आहे की जाताना त्याने शेजारचे हाड सोबत नेऊ नये. ज्या मुलाच्या तोंडात दाटी आहे, त्याला आणखी एक पर्याय मिळतो. ओस्लोमध्ये 1970च्या दशकापासून मूळ अर्धे-पाऊण तयार झालेली छोटी उपदाढ काढून समोरच्या दाताच्या जागी लावण्याचे काम शिस्तीने झाले आहे. तिच्यासोबत जिवंत मधला थर येतो, म्हणून ती जबड्याबरोबर वाढते आणि नंतर तारेने हलवताही येते. दुधाच्या दाढांचा न्याय मात्र निराळा. त्या जखडून खाली दबलेल्या पुष्कळ मुलांत आढळतात. खाली कायमचा दात असेल आणि नीट वर येत असेल, तर बहुतेक वेळा दुधाची दाढ थोडी उशिराने का होईना, आपली आपण पडते. तिथे घाईने चिमटा चालवणे अनावश्यक. खाली दातच नसेल, तर मात्र इथेही वयाचा हिशेब मांडावाच लागतो.

उरला शेवटचा प्रश्न: दात जखडणारच असेल तर पडलेला दात परत बसवायचा कशाला? कारण जखडलेला दातसुद्धा ती दोन-चार वर्षे हाड आणि जागा धरून ठेवतो, जे रिकामी खोबण करत नाही. आणि वेळेत बसवलेला दात कदाचित जखडणारही नाही. मधल्या थराच्या पेशी हवेत कोरड्या पडल्या की अर्ध्या तासानंतर झपाट्याने मरू लागतात आणि तासाभरानंतर फारशा उरत नाहीत. म्हणून कायमचा दात पडला तर तो मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचला, माती लागली असेल तर क्षणभर धुवा, घासू नका, आणि शक्य असेल तर तिथल्या तिथे खोबणीत बसवून मुलाला रुमाल दाबून धरायला सांगा. जमत नसेल तर थंड दुधात टाकून दंतवैद्याकडे न्या. पाण्यात नको, कोरड्या कागदात तर मुळीच नको. दुधाचा दात पडला तर तो परत बसवू नये, खालच्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होते. आणि दात बसवल्यावर दोन आठवड्यांनी आधाराची तार निघाली की दवाखान्याची वाट विसरू नका. मुलाची वाढ संपेपर्यंत दर सहा महिन्यांनी त्या दातावरची टकटक ऐकून घ्या, शेजारच्या दाताशी त्याची उंची मोजून घ्या, आणि एक मिलिमीटरचा फरक दिसला की ऑर्थोडॉन्टिस्ट आणि सर्जन या दोघांचे मत एकाच वेळी घ्या.